मॅडम जेवायला गेल्यात

माझी नोकरी गेली, पण माझ्या सर्टिफिकेटची राहिली. कुणाला हसू येत असेल तर हसून घ्या. मलाही आधी हसूच आलं होतं. मग जे डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

मी फार्मासिस्ट आहे. नाव भाग्यलक्ष्मी, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत एकनाथरावांचं मेडिकल आहे. लग्नाच्या आधीपासून मी तिथे कामाला होते. मुलीच्या वेळी पोट काउंटरला लागायला लागलं तरी उभी होते. आपल्याकडे कायदा असा आहे, की मेडिकल चालवायचं तर नोंदणी झालेला फार्मासिस्ट हवा. त्याचं सर्टिफिकेट फोटोसकट चौकटीत घालून गिऱ्हाइकाला दिसेल असं भिंतीवर लावायचं, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं त्याच्या देखरेखीखाली द्यायची. चिठ्ठी वाचायची, शंका आली तर डॉक्टरला फोन करायचा, गोळी कशी घ्यायची ते समजावून सांगायचं. म्हणजे कायद्याला माणूस हवा आहे. दुकानदारांनी सोयीने असं ठरवलंय, की कायद्याला चौकट हवी आहे.

एकनाथराव माझ्या वडिलांच्या देगलूरचे. कॉलेज संपल्यावर वडील मला घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी माझे मार्कसुद्धा विचारले नाहीत. "पोरगी घरचीच आहे, येऊ दे उद्यापासून," म्हणाले. हे 'घरचीच' मला पुढे फार महागात पडलं. घरचीच म्हणून दिवाळीला साडी. घरचीच म्हणून पगारवाढीचा विषय काढायचा नाही. घरचीच म्हणून नेमणुकीचं पत्र नाही. घरच्या माणसाला कुणी पत्र देतं का? मी त्यांना काका म्हणायचे. मराठी माणसं इथे तशी एकमेकांना धरून असतात, आणि धरलेलं माणूस पळत नाही याचा फायदा कुणीतरी घेतच असतं.

मंदी आली हे मला टीव्हीवरून कळलं नाही, काउंटरवर कळलं. आधी लोक चिठ्ठीतलं टॉनिक गाळायला लागले. मग कॅल्शियम गेलं. मग बीपीच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली की "अर्धीच कापून द्या" म्हणायला लागले. तिकडे माधापूर-गच्चीबावलीच्या आयटी कंपन्यांनी पोरं कमी केली, आणि इकडे जुन्या वस्तीत राहणाऱ्या त्यांच्या आईवडिलांची औषधांची पिशवी हलकी झाली. जे उरले ते मोबाइलवरून मागवायला लागले, कारण तिथे सूट जास्त. त्यात कोपऱ्यावर एका मोठ्या मेडिकल साखळीचं काचेचं दुकान उघडलं. धंदा बसला, हे खरं आहे. एकनाथरावांच्या पोटात गोळा आला असेल तर मी समजू शकते. पण त्यांनी कमी काय केलं? दारातली नवी गाडी नाही. पोराची गोव्याची सहल नाही. मला.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. औषधांच्या खोक्यांमध्ये दोन स्टुलं होती.

"बस बेटा," ते म्हणाले. "धंद्याची काय हालत झालीय ते तू बघायलीसच. तर उद्यापासून तू रोजरोज यायची तकलीफ घेऊ नको."

"काढताय मला?"

"छे छे. मी तुला काढायलोय का? तू घरची. सर्टिफिकेट राहू दे की भिंतीवर. तू घरी आराम कर, पोरीचा अभ्यास घे. महिन्याला थोडंफार मी पाठवत जाईन. सगळेच असं करायलेत आता."

"आणि औषधं कोण देणार?"

"अंबाजी आहे ना. इतकी वर्षं तुझ्या बाजूला उभा आहे. त्याला काय कमी कळतं?"

अंबाजी आमचा काउंटरवरचा सेल्समन, माझ्याहूनही जुना. बिदरकडचा, स्वभावाने गरीब. कुठली गोळी कुठल्या खणात आहे हे तो डोळे मिटून सांगेल. पण ती कुणाला द्यायची नाही, कशाबरोबर द्यायची नाही, किती दिली तर माणूस मरेल, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि त्याने तसा दावाही कधी केला नाही. पट्टी सापडणं आणि औषध देणं यात फरक आहे. तो फरक म्हणजेच माझी नोकरी होती.

मी सरळ सांगितलं, "काका, मला घरबसल्या पैसे नकोत. काढायचं तर काढा, पण माझं सर्टिफिकेट उतरवून आत्ता माझ्या हातात द्या."

त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "परवा घट बसायलेत भाग्या. देवीच्या बाजूची चौकट ऐन नवरात्रात उतरवायची? दसरा होऊ दे. नवा माणूस बघतो आणि तुझं तुला घरी आणून देतो. माझा शब्द आहे."

माझी चौकट खरोखरच देवीच्या तसबिरीशेजारी होती. दर खंडेनवमीला तराजू-कात्रीबरोबर तिचीही पूजा व्हायची. माझ्या फोटोच्या कपाळावर एकनाथराव स्वतः कुंकू लावायचे. नवरात्राचं नाव निघालं आणि माझी जीभ अडली. ती अडणार हे त्यांना माहीत होतं. देव मध्ये आणला की आमच्यासारख्यांचं तोंड बंद होतं, हे ज्याला कळलं तो मंदीतसुद्धा तरून जातो. मी पर्स उचलली आणि निघाले. त्यांनी पुढे केलेलं पैशांचं पाकीट घेतलं नाही. एवढाच काय तो माझा बाणेदारपणा.

नवरात्र नोकरी शोधण्यात गेलं. गौतम, माझा नवरा, एका बिल्डरकडे हिशेब बघतो. फ्लॅट विकले जात नाहीत म्हणून त्याला अर्धाच पगार मिळत होता, तोही मागे लागल्यावर. त्यामुळे मला घरी बसणं परवडणारं नव्हतं. कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानात गेले. तिथल्या मॅनेजरने माझं वय विचारलं आणि भरती बंद असल्याचं त्याला लगेच आठवलं. एका हॉस्पिटलात म्हणाले, नुकतीच पास झालेली मुलं निम्म्या पगारात येतात, तुम्ही याल का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, कळवतो. गल्लीगल्लीत फार्मसीची कॉलेजं काढून ठेवलीत, तिथून दर वर्षी पोरांचा लोंढा बाहेर पडतो, तो जाणार कुठे?

सगळ्यात कहर बेगम बाजारात झाला. एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला म्हणे मेडिकल काढायचं होतं. गेले. हळदीच्या पोत्यांमागे एक कोरं शटर दाखवून तो म्हणाला, "आप का सर्टिफिकेट होना बस. आप को आने की जरूरतच नहीं."

"और मैं आई तो?"

तो गोंधळला. "आ के क्या करते?"

घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती. चार वर्षं शिकले ते काय फोटो काढून घ्यायला? अख्ख्या शहराला माझं सर्टिफिकेट हवं होतं आणि मी कुणालाच नको होते. डॉक्टरची डिग्री भिंतीवर टांगून त्याच्या कंपाउंडरने पोट फाडलेलं चालेल का कुणाला? मग आमचंच का चालतं? कारण आम्ही काय करतो हे कुणाला दिसत नाही. आम्ही नसताना जे होतं, ते मात्र दिसतं.

ते दसऱ्यानंतर दिसलं.

संध्याकाळी फोन आला. मालनबाईंची मुलगी तेजश्री बोलत होती. मालनबाई आमच्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहतात. नवरा गेल्यापासून मेसच्या पोरांना पोळ्या लाटून देतात. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी होत चालली होती. दुकानात आल्या की औषधाआधी माझ्या मुलीची चौकशी करायच्या. तेजश्रीही मला मावशी म्हणायची. त्या दिवशी तिने मावशी म्हटलं नाही.

"आईला ॲडमिट केलंय," ती म्हणाली. "तोंड आतून सगळं सोललंय. पाणी गिळता येईना. रक्त एकदम कमी झालंय. डॉक्टर म्हणायलेत आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेतली. तुम्ही काय सांगितलात तिला?"

"मी?"

"बिलावर तुमचंच नाव आहे. आई तर तुमचं नाव घेऊ देईना." आणि तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिने उचलला नाही.

कुठली गोळी ते मला लगेच कळलं. संधिवातावर देतात ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर ती विष आहे. तोंडात फोड येतात, रक्त बनायचं थांबतं, माणूस दगावतो. आमच्या धंद्यात या गोळीला सगळे घाबरतात, आणि घाबरायलाच हवं. डॉक्टर चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून मोकळा होतो. 'आठवड्यातून एकदा' म्हटलं की माणसं मान हलवतात आणि घरी जाऊन विसरतात. म्हणून मी माझी एक पद्धत ठेवली होती. बाईला विचारायचं, उपास कुठला करता? गुरुवारचा? मग ही गुरुवारची गोळी. मुसलमान बायकांना जुम्मे की गोली. पट्टीवर जाड पेनाने वार लिहून द्यायचा, पट्टी अख्खी द्यायची नाही, महिन्यापुरत्या चार गोळ्या कापून द्यायच्या. आणि श्रावण, नवरात्र, रमजान जवळ आला की दटावून सांगायचं: बाकी उपास कितीही करा, गोळी गुरुवारीच. इतक्या वर्षांत एकही बाई चुकली नव्हती.

मी रिक्षा केली आणि दुकान गाठलं. तोंडाला ओढणी बांधलेली होती, आमच्या कोठी भागातल्या धुळीत सगळ्याच बायका बांधतात. काउंटरपाशी एक म्हातारी अम्मा चिठ्ठी घेऊन उभी होती. तिच्या मागे मी. अंबाजीने मला ओळखलं नाही. वर भिंतीवर मी होते, कपाळाला खंडेनवमीचं कुंकू, गळ्यात वाळलेला झेंडू.

"मॅडम कहां हैं?" अम्माने फोटोकडे बोट करून विचारलं. "उनकू पूछना था."

"मॅडम खाना खाने गए," अंबाजी न अडखळता म्हणाला. "बोलो ना अम्मा, मेरेकू सब बता के गए."

दिवेलागण व्हायला आली होती. म्हणजे पंधरवडाभर मी जेवतच होते.

अम्मा गेली आणि मी ओढणी खाली केली. अंबाजीच्या हातातली कात्री काउंटरवर पडली.

"मालनबाईंना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मॅडम…"

"काय सांगितलंत?"

त्याने सांगितलं. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, घट बसायच्या आदल्या दिवशी, मालनबाई नवी चिठ्ठी घेऊन आल्या होत्या, ही गोळी त्यांना पहिल्यांदाच लिहून दिलेली. मॅडम कुठे म्हणून त्यांनीही विचारलं. "सेठ सांगून ठेवलेत मला, कोणी पूछलं तर जेवायला गेल्यात बोलायचं," अंबाजी म्हणाला. "मी बोललो, मॅडम सांगून गेल्यात. मी ती गोळी ओळखलो. तुम्ही बायकांना हमेशा बोलता ना, उपास कवा करता, उपासाच्या दिवशी घ्या. मी तेच बोललो. ही उपासाची गोळी आहे, उपासाच्या दिवशी एक. अख्खी पट्टी दिलो, बाई सारखी कुठं चकरा मारंल म्हणून."

मालनबाईंनी नऊ दिवसांचे नऊ उपास धरले होते. साबुदाणासुद्धा नाही, फक्त फळ आणि दूध. आणि मॅडमनी सांगितलंय म्हणून देवीला दिवा लावला की रोज एक गोळी.

माझ्याच तोंडची वाक्यं होती ती. मी वार विचारायचे, याने वार गाळला. आठवडा गाळला. राहिला तो उपास. आणि त्याला तरी काय बोलायचं? तो घाबरून रडायला लागला होता. घरी दोन पोरी, पगार माझ्याही निम्मा, आणि डोक्यावर माझं काम लादलेलं. ज्याला बोलायला हवं होतं तो दुकानात नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन माझ्या दारात आला. तेजश्रीने रात्रीत दुकानावर जाऊन तमाशा केला होता आणि औषध खात्यात तक्रार देणार असं बजावलं होतं. एकनाथराव पेढे घेऊन आले. गौतमने त्यांना खुर्ची दिली, मी चहा टाकला. हे आमचे संस्कार. माणूस गळा कापायला आला तरी आधी चहा.

"जे झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण आता सगळ्यांनी मिळून निस्तरलं पाहिजे. भाग्या, तू सोमवारपासून ये. पूर्ण पगार, वर वाढ. आणि मी तुला लिहून देतो, स्टॅम्प पेपरवर, दुकान आहे तोपर्यंत तुझी नोकरी पक्की. मंदी येऊ दे नाही तर आणखी काही."

जे मागायची इतक्या वर्षांत हिंमत झाली नव्हती, ते न मागता समोर आलं होतं.

"आणि मी काय करायचं?"

"काहीच नाही गं. इन्स्पेक्टर विचारला तर एवढंच सांगून सही द्यायची, की त्या दिवशी तू होतीस. आठवड्यातून एकदा असं तू बरोबर सांगितलीस. बाई उपासाच्या नादात रोज घेतली. बाई शिकलेली नाही, कोणालाही पटंल. कोणाची नोकरी जात नाही, दुकान बंद पडत नाही, अंबाजीची पोरं रस्त्यावर येत नाहीत."

"आणि मी नव्हते म्हटलं तर?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तर आधी तुझंच सर्टिफिकेट जातंय बेटा. भिंतीवर तुझा फोटो आहे, माझा नाही. आणि तुला माहीत होतं ना ते तिथं आहे?"

गौतम हळूच म्हणाला, "भाग्या, शांतपणे विचार कर."

मला दोघांच्याही अंगावर चहा ओतावासा वाटला. पण खोटं कशाला बोलू, मला ती नोकरी हवी होती. मनातल्या मनात मी सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर जाताना बघितलं, मुलीची फी भरली, घरमालकाला तोंड दाखवलं. आणि हे सगळं बघितल्याचाच मला इतका राग आला, की माझा आवाज एकदम खाली गेला.

"काका, आधी माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला," मी म्हटलं. "मालनबाईंना तोंडावर सांगा, की चूक तुमची आहे. तुम्ही सांगा, मग मी सही करते."

त्यांना वाटलं मी वाकले. ते लगेच उठले. गाडी त्यांचीच होती. वाटेत उतरून त्यांनी मोसंबी घेतली.

मालनबाई जनरल वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. ओठ सुजून फाटले होते, त्यावर कसलंसं जांभळं औषध लावलं होतं. एका हाताला सलाईन, दुसरा हात पांघरुणावर, वाकडी बोटं वर करून ठेवलेला. शेजारी तेजश्री स्टुलावर बसली होती. आम्हाला बघून ती उभी राहिली. एकनाथरावांनी मोसंब्यांची पिशवी खाटेवर ठेवली. तोंड सोललेल्या बाईला मोसंबी. तेजश्रीने ती उचलून खाली ठेवली.

मी वाट बघत होते, की ते बोलतील. त्यांनी घसा खाकरलाही. पण आधी मालनबाई बोलल्या. एकेक शब्द त्यांना टोचत होता, तरी त्यांनी सलाईनचा हात उचलून दुसऱ्याला जोडायचा प्रयत्न केला.

"मालक, मॅडमला काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "त्या बरोबरच सांगून गेल्या असतील. मलाच समजलं नाही. पोरीला मी सांगितलंय, कागद द्यायचा नाही. कालपासून भांडायलीय माझ्याशी, पण मी अंगठा दिले नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आजकाल नोकऱ्या कुठं आहेत बाई. माझ्यापायी तुमची जाऊ नये."

वॉर्डात कुणाचा तरी रेडिओ चालू होता. एकनाथरावांनी सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बघ. ती स्वतःच म्हणायलीय."

एवढं बोलून ते हसले. छोटंसं, सुटल्याचं हसू.

ती बाई जी नोकरी वाचवायला बोलत होती, ती त्यांनी माझ्याकडून कधीच काढून घेतली होती. तिच्या गिळता न येणाऱ्या घशातून ते माझ्या नावाची माफी ऐकून घेत होते आणि ती त्यांना पुरत होती. मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. वडिलांच्या ओळखीचा, देगलूरचा, दिवाळीच्या साड्यांचा, काका म्हणायचा, सगळा धाक त्या हसण्यासरशी माझ्यातून गेला.

"मालनबाई," मी म्हटलं, "मी दुकानात नव्हतेच. जेवायला गेले नव्हते. मला आदल्या दिवशी काढून टाकलं होतं. तुम्हाला मी काहीही सांगितलेलं नाही. तिथे फक्त माझा फोटो होता."

मालनबाईंना आधी समजलंच नाही. "मग अंबाजी तर म्हणले…"

"त्यांना तसं म्हणायला लावलं होतं."

"भाग्या," एकनाथराव म्हणाले, "बाहेर ये. दोन मिनिटं."

मी तेजश्रीला म्हटलं, "तुझ्याकडे कोरा कागद आहे?"

तिने पर्समधून तक्रारीचा कागद काढला, खाली अंगठ्याची जागा रिकामी असलेला, आणि त्याच्याबरोबर घेतलेला एक कोराही. मी तिच्या स्टुलावर बसले आणि मांडीवर पर्स ठेवून लिहायला घेतलं. एकनाथराव दारापाशी गेले, परत आले. मला म्हणाले, मी असं करणार नाही, मी घरची आहे. मग म्हणाले, की उद्यापासून हैदराबादेत मला कुणी दारात उभं करणार नाही. या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या. मी मान वर केली नाही.

सगळ्यात वर मी माझं नाव आणि नोंदणी क्रमांक घातला, म्हणजे खात्यातल्या कुणाला मला शोधत फिरावं लागू नये. मला कधी काढलं ते लिहिलं. गोळी विकली गेली त्या दिवशी दुकानात मी नव्हते आणि दुसरा कुठलाही फार्मासिस्ट नव्हता, हे लिहिलं. मालकाने नोकरी देऊ करून काय म्हणायला सांगितलं, तेही लिहिलं. मग थोडी थांबले, आणि माझं सर्टिफिकेट तिथे टांगलेलं आहे हे मला माहीत होतं, हेसुद्धा लिहिलं. ते गाळलं असतं तर माझ्यात आणि भिंतीवरच्या बाईत फरक राहिला नसता.

लिहून झाल्यावर मी ते मालनबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांना वाचता येत नाही म्हणून. शेजारच्या दोन खाटांवरची माणसंही ऐकत होती. एकनाथराव कधी गेले ते कुणी बघितलं नाही.

"असं लिहिल्यावर तुमचं कसं व्हायचं?" मालनबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि सही केली.